येळवशीला कुठं असशील

२९ जून

पहिल्या पानावर नाव लिहायचं असतं म्हणे. सिद्धाराम अण्णाराव, मुक्काम पोस्ट माकणी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. सध्या मुक्काम राजस्थान, फलोदीच्या पुढं, वाळूत.

डायरी इंजिनियर साहेबांनी दिली. जुन्या सालाची आहे, वार जुळत नाहीत, म्हणून वार लिहिणार नाही. लिहायला लावलं महीनं. मही म्हणजे महेश्वरी, माझी धाकटी बहीण. तिच्या नव्या कॉलेजातल्या खो-खोच्या सरांनी निवडीच्या वेळीच सगळ्या पोरींना सांगितलंय की रोज काय केलं ते लिहायचं. मग मला म्हणाली, दादा तू पण लिही, फोनवर तू निम्मं खोटं सांगतोस. मी म्हणालो, काय लिहू, दिवसभर खांब ठोकतो आन संध्याकाळी जेवतो. ती म्हणाली, तेच लिही.

तर खांब ठोकतो. सोलरच्या प्लेटा ज्या खांबांवर बसवतात ते जमिनीत ठोकायचं मशीन माझ्याकडं आहे. आधी पुण्यात हॉटेलात होतो, मग सुरतेला, मग हैदराबादला बेकरीत, मग बोर मारायच्या गाडीवर. एका जागी लई दिवस झाले की माझ्या पायाला मुंग्या येतात. इथंही दिवाळीपर्यंतच.

आठवीत शाळा सोडली. अक्षर माझं मलाच लागत नाही. हे कुणी वाचलं तर त्याची तो जाणो.

३ जुलै

मही काल पुण्याला गेली. कॉलेजनं खेळावर घेतलंय, फी नाही, होस्टेलला जागा. गावात एवढं कुणाला मिळालं नव्हतं.

अव्वानं, आमच्या आईनं, फोनवर सगळं सांगितलं. अप्पा तिला सोडायला स्टँडवर गेले. बसमध्ये पेटी ठेवली, खाली उतरले, बस निघाली तरी हात वर केला नाही. मग चालत शेताकडं गेले ते दुपारी जेवायलाच आले नाहीत. अव्वा म्हणाली, गाय इकल्यावर बसतात तसं बसलेत. मी हसलो. ती नाही हसली.

अप्पा तयारच नव्हते. हो म्हणाले ते एका अटीवर. अव्वानं अट शब्दाला शब्द सांगितली, कारण अप्पांनी ती शेजारच्या शेतातल्या शिवप्पाकाकाच्या समोर घातली आणि अप्पा चार माणसांत बोललेलं मागं घेत नाहीत. "येळवस समद्यांनी मिळून व्हायला पायजे. त्यात खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी पेटी घिऊन घरी. मग कॉलेज लोहाऱ्याला आन खेळ बंद."

मही लगेच हो म्हणाली. येळवस डिसेंबरात. तिला वाटलं असंल लई लांब आहे.

१२ जुलै

मेसवाली बाई इथलीच आहे. आज तिनं बाजरीचं पीठ ताकात शिजवून दिलं. राबडी म्हणतात. तोंडात घातली आणि हातातलं भांडं खालीच ठेवलं. आंबीलच की. ज्वारीच्या जागी बाजरी, एवढाच फरक.

तिला येळवस समजावून सांगत बसलो. डिसेंबरातली अमावास्या. आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोपी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव, आणि शेताच्या लक्ष्मीची पूजा करायची. शेतातलं जेवढं म्हणून हिरवं आहे, हरभरा, तूर, वाल, सगळ्याची मिळून भज्जी करायची. बाजरीचे वाफवलेले उंडे. आणि आंबिलीचं गाडगं घेऊन 'ओलगे ओलगे सालम पलगे' असं ओरडत पिकावर शिंपडत शेताला फेरी मारायची. बाहेरगावी असलेला माणूस कुठूनही येतो. बाई म्हणाली, मग तू जातोस? मी म्हणालो, मी सोडून सगळे येतात.

आमच्या शेतात ते गाडगं घेऊन मी पळायचो. मी घर सोडल्यावर त्या साली गाडगं घ्यायला कुणी नव्हतं, तर महीनं उचललं. पोरीनं कशाला म्हणून म्हातारी माणसं कुरकुरली. ती एवढी जोरात पळाली आणि एक थेंब वाया गेला नाही. त्या दिवशी शाळेतले पीटीचे सर आमच्या शेतात जेवायला होते. ते हातातला उंडा तसाच धरून बघत राहिले. तिथून तिचा खो-खो सुरू झाला. म्हणजे एका अर्थी मी पळून गेलो ते बरंच झालं.

२० जुलै

अप्पांचा फोन आला. स्वतःहून. मी घाबरलो, काय झालं म्हणालो. काय न्हाय म्हणाले. मशीन बरं चालतंय का विचारलं. मग म्हणाले, तिथलं पाणी कसं हाय, पोट बिट बरं ऱ्हातंय का. एवढं बोलून ठेवला.

महीचा फोन लागत नसंल म्हणून मला केला असंल. तिला लगेच कळवलं की अप्पा पाण्याचं विचारत होते. ती म्हणाली पुण्याचं पाणी चांगलंय की, आणि सकाळीच तर बोलले माझ्याशी.

२ ऑगस्ट

आता अप्पांचा फोन दिवस मावळायच्या टायमाला ठरलेला आहे. घर सोडल्यापासून माझ्याशी जेवढं बोलले नसतील तेवढं या महिन्यात बोलले. बोलणं म्हणजे काय, शेपू उगवला, बोकड आजारी आहे, शिवप्पाकाकाचा सून आणायचा विचार चाललाय. मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो. मग ठेवतात.

अव्वाला विचारलं, यांना झालंय काय. ती म्हणाली, तो टाइम पोरीच्या प्रॅक्टिसचा. हात मोकळे ऱ्हातात त्यांचे.

ते मला ठाऊक आहे. मागं एकदा गेलो तेव्हा बघितलंय. खळ्याच्या जागेत अप्पांनी बाभळीचे दोन खांब रोवलेत आणि मधली जमीन चोपून गुळगुळीत केलीय. बसायला आठ माणसं कुठनं आणणार, म्हणून अप्पा स्वतः मधी उकिडवे बसायचे, डोक्याला रुमाल, गुडघ्यावर हात. मही खांबाला वळसा घालून यायची आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून खो म्हणायची. मग अप्पा उठून चार पावलं पळायचे आणि धाप लागून थांबायचे.

सुरुवातीला थाप लागली की अप्पा लगेच उठायचे. मही चिडायची. "अप्पा, म्या खो म्हणले का? मग बसा की." नियमच तसा आहे. नुसता हात लागून चालत नाही, तोंडानं खो म्हणायला लागतं, तवाच बसलेल्यानं उठायचं. नाही तर फाउल.

अव्वा बांधावरून म्हणायची, जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकाय लागलेत.

२४ ऑगस्ट

महीचा फोन. आवाज बारीक. कॉलेजात तिच्याहून भारी पोरी आहेत. गावात ती एकटी होती, तिथं सगळ्याच मही आहेत. खेळायला नऊ लागतात, बाकीच्या राखीव. ही राखीव. मैदानाच्या कडंला बसते आणि पाण्याच्या बाटल्या देते.

मला म्हणाली अप्पाला सांगू नको. त्यांना वाटतंय मी खेळते. राखीव आहे कळलं तर म्हणतील, बसायचंच हाय तर आपल्या खळ्यात येऊन बस.

नाही सांगणार. पण रोज संध्याकाळी अप्पांच्या फोनला मी आता अजूनच बारीक बोलतो.

२३ सप्टेंबर

तिकडं पाऊस हटेना. अव्वा म्हणाली धरणाचं पाणी खालच्या पट्टीपर्यंत आलंय, सोयाबीन निम्मं पाण्यात. वाऱ्यानं महीचा एक खांब कलला. अप्पांनी आधी तो सरळ केला, मग सोयाबीनचं पाणी काढायला चर मारला. शिवप्पाकाका बांधावरून बघत होता, म्हणाला, अण्णाराव, पीक कुठलं हाय तुझं, सोयाबीन का बाभूळ?

सांगताना अव्वा हसत होती. मी पण हसलो, मग दिवसभर खांब ठोकताना लेव्हल जास्तच बघत राहिलो.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. मी गेलो नाही. ठेकेदारानं जादा पगार लावला म्हणून अव्वाला सांगितलं. खरं म्हणजे सुट्टी मागितलीच नाही. गेलो की दोन दिवसांत काय बोलावं कळत नाही.

मही घरी गेलीय. तिनं खळ्याचा फोटो पाठवला. तिला जाऊन इतके दिवस झाले, पण दोन खांबांच्या मधी गवताची काडी नाही. सोयाबीनच्या काढणीतसुद्धा कुणी तरी रोज खुरपत होतं. महीनं लिहिलंय, अप्पा म्हणतात बोकड चरून गेला असंल.

इथून हलायचं होतं दिवाळीला. बोरच्या गाडीवरचा जुना सोबती तमिळनाडूला बोलावतोय. डिसेंबर अखेर येतो म्हणालो.

१२ नोव्हेंबर

मही विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. राखीवच, पण विद्यापीठाच्या. ती सांगत होती आणि मी मशीन बंद करून ऐकत होतो. मग म्हणाली, स्पर्धा जोधपूरला आहे, तुझ्या जवळ. मी म्हणालो मग मी येतोच.  

ती म्हणाली, तारीख बघ.

अठरा डिसेंबरपासून. येळवस एकोणीसला.

मग म्हणाली, दादा, अप्पाशी तू बोल. मला म्हणाली! घरात ज्याचं कुणी ऐकत नाही त्याला.

न गेल्यास संघातून नाव जाईल, आणि मग पुढच्या साली होस्टेलची जागा राहील का नाही सांगता येत नाही. गेली तर अट मोडते. चार माणसांत घातलेली अट.

१५ नोव्हेंबर

बोललो. मशीनचा हँडल धरल्यासारखा फोन धरला होता. आधी हवेचं विचारलं, हरभऱ्याचं विचारलं. मग जोधपूरचं सांगितलं. अप्पा ऐकत होते. मधी काहीच बोलले नाहीत, म्हणून मीच बोलत गेलो आणि शेवटी बोलू नये ते बोललो. येळवस काय, दरसाल येते की.

अप्पा म्हणाले, "व्हय. तुला ठाऊक. दरसाल येती."

आणि फोन ठेवला.

१९ नोव्हेंबर

फोन नाही.

२६ नोव्हेंबर

दिवस मावळला की फोन खिशातून काढून बघतो. रेंज असते. इतर पोरं म्हणतात बायको केलीस काय गपचूप.

महीला खोटंच सांगितलं की अप्पा विचार करतायत. तिनं सरावाला जायचं सोडलेलं नाही. रोज जाते, रोज कडंला बसते. म्हणाली, जोवर नको म्हणत न्हायत तोवर जाते.

१ डिसेंबर

अप्पांचा फोन आला. संध्याकाळच्याच टायमाला, मधी काही झालंच नाही असा. म्हणाले, तिथं थंडी लई पडती म्हणत्यात. पांघरूण हाय का नीट? मी म्हणालो, महीला विचारून सांगतो. बाकी काही नाही. स्पर्धेचं नाव काढलं नाही, मीही नाही काढलं.

महीला विचारलं पांघरूण आहे का, अप्पा विचारतायत. ती वैतागली. पुण्यात कसली थंडी म्हणाली, आणि मला चादर त्यांनी घरूनच दिलीय. अप्पा विसरायला लागलेत बहुतेक. वय झालं.

५ डिसेंबर

अव्वाचा फोन. सकाळीच. एवढं हसत होती की आधी कळेचना.

काल सकाळी अप्पा खळ्यात गेले आणि खांबांच्या मधी जाऊन बसले. उकिडवे, रुमाल बांधून, महीला बसायचे तसे. एकटेच. अव्वा भाकरी घेऊन आली तरी उठेनात. तिनं भाकरी बांधावर ठेवली, मागनं गेली आणि पाठीवर सणकून थाप मारली. म्हणाली, "खो. उठा आता, तिकिटाचं बघा."

अप्पा उठले, हातपाय झटकले आणि थेट शिवप्पाकाकाच्या शेतात. त्याला म्हणाले, औंदा आमच्या शेतातली पूजा तू कर. काका बघतच राहिला. आपल्या शेताची लक्ष्मी दुसऱ्याच्या हातात कुणी देत नाही. त्यानं विचारलं, आन तू कुठं निघालास? आणि अटीचं काय? अप्पा म्हणाले, "म्या काय म्हणलो होतो? समद्यांनी मिळून व्हायला पायजे म्हणलो होतो. हितंच म्हणलो होतो का?"

काकानं डोकं खाजवलं म्हणे. मग म्हणाला, न्हाय, तसं म्हणला न्हवतास.

काकाच्या पोरानं मोबाईलवर तिकिटं काढली. सोलापुरातून पुणे, पुण्यातून जोधपूर. अप्पांनी आजवर सोलापूरच्या पुढं पाऊल टाकलेलं नाही. आता अख्ख्या माकणीला सांगत फिरतायत, राजस्थानला चाललोय, पोरं तिकडं असत्यात.

१८ डिसेंबर

जोधपूर. मैदानाजवळच्या धर्मशाळेत लिहितोय.

स्टेशनवर घ्यायला गेलो. गर्दीत आधी कडब्याच्या पेंढ्या दिसल्या. पाच छोट्या, सुतळीनं बांधलेल्या, अप्पांच्या खांद्यावर. पाठीमागं अव्वा, डोक्यावर बोचकं, काखेत घोंगडी, हातात ओल्या शेंगांची पिशवी. तिकीट तपासणाऱ्यानं गाडीत विचारलं होतं हे जनावराचं खाणं कुठं नेता. अप्पा मराठीत म्हणाले, लक्ष्मीचं घर हाय. तो तसाच पुढं गेला म्हणे.

मी पाया पडलो. अप्पांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पहिलं विचारलं, जेवलास का. मग माझा हात धरून उलटा केला, तळहात बघितला, आणि सोडून दिला.

मेसवाल्या बाईनं माझ्याबरोबर किटलीभर ताक आणि बाजरीचं पीठ दिलं होतं. तुझ्या आईला दे म्हणाली. अव्वानं ताकाचा वास घेतला आणि म्हणाली, बाई हुशार हाय.

मही संध्याकाळी सरांना विचारून घडीभर आली. अव्वाच्या गळ्यात पडली. अप्पांच्या पुढं मात्र शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिली. मला कडंला घेऊन म्हणाली, दादा, उद्या मी खेळणार न्हाय, बाकावरच हाय, त्यांना आता तरी सांगितलंस का? मी नाही म्हणालो. तिनं मला चिमटा काढला, लई जोरात.

एवढे लांबून आलेत आणि पोरगी बाकावर. मलाच झोप येणार नाही असं वाटतंय.

१९ डिसेंबर

सगळं लिहितो. मोठं होईल.

अव्वा पहाटेच उठली. धर्मशाळेच्या चुलीवर भज्जी टाकली, आंबील केली, ज्वारीचं पीठ तिनं घरून आणलेलं आणि ताक इथलं. उंडे बाईच्या बाजरीचे. मॅच दहाला होती. आम्ही सात वाजता मैदानावर. कडंला एक खेजडीचं झाड आहे, त्याच्या बुडात अप्पांनी पाच पेंढ्या उभ्या करून कोपी बांधली. दगड तिथलेच पाच गोळा केले. रंगवायला चुना नव्हता. पलीकडं एक माणूस मैदानाच्या रेषा मारत होता. अप्पा त्याच्यापुढं जाऊन ओंजळ करून उभे राहिले. त्याला भाषा कळली नाही पण ओंजळ कळली. पांडव एकदम पांढरेशुभ्र झाले, गावच्यापेक्षा भारी.

तोवर महीचा संघ वॉर्मअपला आला. अप्पांनी घोंगडी डोक्यावर घेतली, आंबिलीचं गाडगं हातात घेतलं आणि उभे राहिले. फेरी मारायची. पण गाडगं कुणी न्यायचं? त्यांनी आधी महीकडं बघितलं मग माझ्याकडं. मही म्हणाली, दादाचा मान हाय तो, म्या तर बदली होते.

मी गाडगं घेतलं. पळायचं विसरलो असंन असं वाटलं होतं. नाही विसरलो. चुन्याच्या रेषेच्या बाहेरून पळालो, हिरवळीच्या काडीनं आंबील शिंपडत, आणि ओलगे ओलगे सालम पलगे ओरडलो. मागनं अप्पा घोंगडी सावरत. आधी लाज वाटली, सगळ्या राज्यांच्या पोरी बघत होत्या. दुसऱ्या कोपऱ्यावर लाज संपली.

तिसऱ्या कोपऱ्यावर वॉचमन आडवा आला. हे काय सांडताय, मुंग्या येतील. माझी हिंदी सुरतेची आणि त्याची मारवाडी, दोघांचं जमेना. अप्पांनी माझ्या हातातलं गाडगं घेतलं, द्रोणात थोडी ओतली आणि त्याच्यापुढं धरली. त्यानं वास घेतला. म्हणाला, ये तो राबडी है. प्याला. मिशा पुसल्या. मग स्वतः पुढं होऊन वाटेतल्या पोरी बाजूला केल्या आणि चौथा कोपरा आम्हाला पूर्ण करू दिला. अप्पांचा पाय एका रेषेवर पडून चुना पुसला होता, तेवढी मात्र त्या चुनेवाल्यानं दोन शिव्या देऊन परत मारली.

महीच्या सरांनी पोरींना मॅचच्या आधी जड खाऊ नका म्हणून सांगितलं आणि स्वतः दोनदा भज्जी घेतली.

मग मॅच. नऊ पोरी आत गेल्या. मही बाकावर. हातात बाटल्या. आमच्याकडं बघेना, मान खाली. अव्वानं मला कोपरानं ढोसलं, ही का न्हाय गेली? मी गवत उपटत बसलो.   अप्पा खेळ बघत नव्हते, बाकाकडं बघत होते. एक पोरगी धावून बाहेर आली की मही उठायची, बाटली द्यायची, कानात काहीतरी सांगायची, हात करून दाखवायची कुठून वळायचं ते. परत बसायची, पण टाच उचलूनच, आत्ता बोलावतील अशी.

मॅच आपल्या पोरींनी जिंकली. सगळ्या नाचायला लागल्या. मही बाटल्या गोळा करून आमच्याकडं आली. तिचं तोंड बघवत नव्हतं. म्हणाली, अप्पा, मी ऑगस्टपासून अशीच बसते. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

अप्पा म्हणाले, "दिसलं की. नवा खोंड असाच ऱ्हातो. आदी वरीसभर जोडीच्या बाजूनं नुसता चालतो. मोकळा. त्याला वाटतं आपुन काय करतच न्हाय. पर नांगराच्या तासात चालाय तवाच शिकतो त्यो."

मही म्हणाली, म्हणजे मी खोंड?

"मग काय बैल म्हणू का? अजून दात आलं न्हायत."

ती हसली. हसता हसता रडली पण. अव्वानं पदरानं तिचं तोंड पुसलं, तेही चारचौघांत, आणि ताटात उंडा ठेवला. खेजडीच्या खाली चौघं जेवलो. वॉचमन पाचवा. किती सालांनी चौघं एका जागी जेवलो ते मी आठवत होतो, पण भज्जी गार होत होती.

जेवताना अप्पांनी विचारलं, मही, फुडच्या साली येळवशीला कुठं असशील? आताच इचारून ठेव सरांना. तिकिटं आदी काढाय लागत्यात, शिवप्पाचं पोरगं म्हणत होतं.

म्हणजे पेटी घेऊन घरी यायचं नाही. महीला कळायला जरा वेळ लागला. मला आधी कळलं.

मग पाण्याचा तांब्या मागता मागता मला म्हणाले, आन तू? तू कुठं असशील?

मी म्हणालो, हितंच. तोंडातून आपोआप गेलं. तमिळनाडूचं डोक्यात होतं की माझ्या. पण ते विचारत होते तर कुठलं तरी एक ठिकाण सांगायला नको का.

२१ डिसेंबर

मही संघाबरोबर गेली, संघ उपांत्य फेरीत हरला. अप्पा-अव्वाला दुपारच्या गाडीत बसवलं. कोपीच्या पेंढ्या अप्पांनी वॉचमनच्या म्हशीला दिल्या. पाच दगड मात्र पिशवीत घातले. घरी बी दगड हायत म्हटलं तर म्हणाले, हे रंगवलेत.

गाडी निघायच्या आधी अप्पा डब्याच्या दाराशी फलाटावर उभे होते. मी त्यांच्याकडं पाठ करून पिशवी बांधायला उकिडवा बसलो होतो. पाठीवर थाप बसली. भक्कम. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. वळून बघितलं तर अप्पा दुसरीकडंच बघत होते. खो म्हणाले नाहीत. नुसता हात.

महीच्या नियमानं अशा वेळी उठायचं नसतं, बसूनच राहायचं असतं.

२४ डिसेंबर

साईटवर. बोरच्या गाडीवाल्याचा फोन आला, कधी निघतोस. नाही म्हणालो. का म्हणाला. काय सांगू, इथली राबडी चांगली आहे म्हणालो. शिव्या घालून ठेवला त्यानं.

संध्याकाळी अप्पांचा फोन. पोचले. शिवप्पाकाकानं आमच्या शेतातली पूजा चांगली केली, पण पांडव वाकडे मांडले. हरभरा घाट्यावर आलाय. मग थोडा वेळ नुसता श्वास.

मग म्हणाले, तिथं थंडी लई हाय. म्या बघितली की आता. पांघरूण हाय का नीट?

महीला विचारून सांगतो असं अगदी ओठावर आलं होतं. मग थांबलो.

म्हणालो, हाय अप्पा. दोन हायत.